स्मृतींची गोधडी शिवणारी माउली : लक्ष्मीबाई टिळक

सुरतेजवळच्या उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत नंदुरबार, धुळे, जळगाव या जिल्ह्यांतून आलेली मराठी घरे पुष्कळ आहेत. कामाच्या शोधात वडीलधारी माणसे इकडे आली, मागावर व कारखान्यांत लागली, आणि हळूहळू संसार इथलाच झाला. या वस्त्यांतून दुपारच्या वेळी फेरी मारली तर दारोदारी कापड पसरलेले दिसते. कोणी साडीला लेस लावीत आहे, कोणी टिकल्या चिकटवीत आहे, कोणी उलट बाजूचे लोंबते धागे कातरीत आहे. नगावर मजुरी मिळते. त्या साड्या गठ्ठ्याने बाजारात जातात आणि तेथून देशभर. आमच्या भगिनींच्या हातांत कसब आहे, यात शंका नाही. परंतु दिवसभर परक्याच्या साड्या हाताळणाऱ्या त्या हातांनी आपल्या स्वतःच्या घरासाठी शेवटची वस्तू कधी शिवली, असे विचारले तर उत्तर चटकन सापडत नाही. आजीने गावाकडून पाठविलेली गोधडी असते. पण ती कोणत्या लुगड्याची, कोणाच्या जन्माच्या वेळी शिवलेली, हे नातवंडांना ठाऊक नसते. मुले गुजरातीत किंवा इंग्रजीत शिकतात, आजी अहिराणीत बोलते, आणि दोघांच्या मध्ये घराण्याच्या आठवणी नकळत गळून पडतात.

अशा वेळी आम्हांस एका माउलीची आठवण होते. तिला शाळा मिळाली नाही. तिचा बहुतेक काळ चूल, पाणी, आलेगेले आणि लेकरे यांच्यातच गेला. तरीही मराठी घराची आठवण जपण्याचे जे काम तिने केले, त्याला तोड नाही. ती म्हणजे श्रीमती लक्ष्मीबाई टिळक. वाचकांना त्यांचे नाव नवे नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची भजने आपण उपासनेत गातोच, आणि त्यांच्या पत्नी म्हणून लक्ष्मीबाईही आपल्या परिचयाच्या आहेत. पण त्यांच्या जीवनाकडे या एका बाजूने, म्हणजे घर जोडणारी व घराची आठवण राखणारी स्त्री म्हणून, पुन्हा एकदा पाहावे असा आमचा हेतू आहे.

लक्ष्मीबाईंचा जन्म १ जून १८६८ रोजी नाशिकजवळच्या जलालपूर या गावी झाला. माहेरचे आडनाव गोखले, आणि माहेरचे नाव मनकर्णिका. घरात सारे मनूच म्हणत. त्यांच्या आईचे वडील १८५७ च्या धामधुमीत फाशी गेले. त्या घटनेचा मनूच्या वडिलांच्या मनावर विलक्षण परिणाम झाला आणि त्यांना सोवळ्याओवळ्याचे वेडच लागले. बाहेरून येणारी प्रत्येक वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही. मीठसुद्धा यातून सुटले नाही! आईचे हाल झाले, मुले सदैव धास्तावलेली राहिली. एवढ्या दुःखाच्या घराचे वर्णन पुढे लक्ष्मीबाईंनी असे केले की वाचणाऱ्याला हसूही येते आणि डोळ्यांत पाणीही येते. वडिलांचा त्यांनी राग धरला नाही, आणि जे घडले ते झाकूनही ठेवले नाही. हा गुण आपण ध्यानात ठेवू. पुढे त्याकडे परत यावयाचे आहे.

१८८० साली त्यांचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशी झाला. त्या काळच्या रीतीप्रमाणे मुलगी अकरा-बारा वर्षांची, मुलगा अठरा-एकोणीस वर्षांचा. सासरे तापट. नवरा मोठा बुद्धिमान, कवी, मनाचा उदार, पण एका जागी ठरणारा नव्हे. आज एका गावी नोकरी, उद्या दुसऱ्या गावी. कधी कोणाला न सांगता निघून जावे, कधी अचानक दारात येऊन उभे राहावे. हातात पैसा आला की दुसऱ्याची गरज आधी दिसावी आणि घरातील डब्यांची आठवण नंतर व्हावी. अशा माणसाबरोबर संसार करताना लक्ष्मीबाईंनी जे मिळेल त्यात भागविले, उसनवार केली, भांडणे केली आणि पुन्हा हसून चूल पेटविली. काही लेकरे लहानपणीच गेली. १८९१ साली देवदत्त जन्मला. हाच त्यांचा दत्तू.

वाचणे-लिहिणे त्यांना लग्नानंतर आले. टिळकांनी त्यांना अक्षरओळख करून दिली. शिकविणारा उतावळा आणि शिकणारीच्या मागे घरकामाचा रगाडा, त्यामुळे हे शिक्षण रखडत चालले. परंतु अक्षराला अक्षर जोडीत त्या वाचू लागल्या, आणि पुढे लिहूही लागल्या. शुद्धलेखन, विरामचिन्हे यांची त्यांनी फारशी पर्वा केली नाही. सांगायचे ते मात्र सरळ सांगितले.

यानंतर त्यांच्या आयुष्यात मोठी फाटाफूट झाली. १८९३ साली नागपुराहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाशी टिळकांची गाठ पडली आणि त्याने त्यांना नवा करार दिला. तो वाचता वाचता त्यांचे मन ख्रिस्ताकडे ओढले गेले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घरी ही बातमी पोहोचली तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. त्या काळात नवरा ख्रिस्ती होणे म्हणजे बायकोने जिवंतपणी वैधव्य भोगण्यासारखेच होते. लहानग्या दत्तूला घेऊन त्यांनी चार-साडेचार वर्षे विरहात काढली. थोरली बहीण भिकूताई यांचा त्यांना मोठा आधार होता. याच दुःखाच्या दिवसांत त्यांच्या तोंडून कविता बाहेर पडू लागल्या.

टिळकांनी त्यांच्यावर धर्मासाठी जबरदस्ती केली नाही, ही गोष्ट आमच्या वाचकांनी विशेष लक्षात घ्यावी. लक्ष्मीबाई नगरला (आताचे अहिल्यानगर) पतीजवळ आल्या त्या आपले सोवळे घेऊनच आल्या. त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळे. एकाच कुटुंबात दोन स्वयंपाक! पण मनात विचार सुरू झाला होता. माणसामाणसांत भेद कोणी केला, देवाने की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला आणि स्वतःच त्याचे उत्तर काढले. एकदा उत्तर मिळाल्यावर त्यांनी मागे पाहिले नाही. जातीभेद सोडला तो कायमचा. लहानपणी ज्या घरात मीठसुद्धा धुऊन घेतले जाई, त्या घरातील ही मुलगी आता कोणाच्याही हातचे पाणी पिऊ लागली. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. दोन चुलींची एक चूल झाली. आमच्या मते ख्रिस्ती कुटुंबाच्या इतिहासात ही एक चूल एखाद्या मोठ्या मंदिरापेक्षा कमी मोलाची नाही.

त्यानंतरचे टिळकांचे घर म्हणजे धर्मशाळाच होती. पोरके मूल, घर सुटलेला तरुण, आजारी माणूस, कोणालाही टिळक घेऊन येत, आणि त्याच्या पोटापाण्याची सोय लक्ष्मीबाईंनी करायची. त्यांनी कुरकूर केली नाही असे नाही. केली, आणि मोकळेपणाने सांगितलीही. पण पान मात्र वाढले.

या घरातील एका मुलाची हकीकत आमच्या सुरतेकडील वाचकांना अधिक जवळची वाटेल. उधन्याहून जळगावकडे जाणाऱ्या गाडीने आपण गावी जातो तेव्हा वाटेत धरणगाव लागते. या धरणगावी १३ ऑगस्ट १८९० रोजी त्र्यंबक बापूजी ठोमरे जन्मले. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरले, तेथे या कोवळ्या मुलाच्या काव्याने थोर मंडळी चकित झाली आणि त्यांना बालकवी हे नाव मिळाले. हेच बालकवी पुढे नगरला टिळकांच्या घरी राहिले. हळवा, रुसवा धरणारा, एकलकोंडा असा तो मुलगा. त्याला लक्ष्मीबाईंनी पोटच्या मुलासारखे सांभाळले, रागावल्या आणि समजूतही घातली. ५ मे १९१८ रोजी जळगावजवळच्या भादली स्थानकाजवळ आगगाडीखाली सापडून बालकवींचा अंत झाला. वय अवघे सत्तावीस. मराठी माणूस आज बालकवींना त्यांच्या कवितेतून ओळखतो. पण जेवायला बसणारा, रुसणारा, हसणारा ठोमरे आपल्याला दिसतो तो लक्ष्मीबाईंनी लिहून ठेवले म्हणून. खानदेशच्या एका लेकराची आठवण नगरच्या एका माउलीने जपली.

नगर हे अमेरिकन मराठी मिशनचे मोठे ठाणे होते. या मिशनच्या सिंथिया फरार बाई १८२७ साली मुंबईत आल्या आणि पुढे नगरला मुलींच्या शिक्षणासाठी त्यांनी आयुष्य वेचले. मिशनच्या मुलींच्या शाळांत वाचनाबरोबर सुईदोराही हाती दिला जाई. टाके घालणे, ठिगळ लावणे, विणकाम ही कामे मुली शिकत आणि पुढे आपल्या संसारात ती चालवीत. झबली, टोपडी, दुपटी, उशांचे अभ्रे, टेबलावरचे रुमाल या वस्तू अशा रीतीने अनेक ख्रिस्ती घरांत आल्या. आणि गोधडी तर त्याआधीपासून प्रत्येक मराठी घरात होतीच. गोधडीची रीत जुन्या बायांना पाठ असते. खाली धुऊन मऊ झालेले लुगडे अंथरावे, त्यावर फाटक्या धोतरांचे व साड्यांचे तुकडे सारखे पसरावे, वर पुन्हा एक बरे लुगडे घालावे, कडा दुमडून चारी बाजू टाचून घ्याव्या, आणि मग धावदोऱ्याने कडेकडेने शिवीत आत आत जावे. त्यात एकही तुकडा नवा नसतो. जे फाटले, विटले, निकामी झाले असे वाटते, त्यातूनच ऊब देणारी वस्तू तयार होते. लक्ष्मीबाईंचे नाव सुईदोऱ्यासाठी गाजलेले नाही. परंतु त्यांनी आपल्या आयुष्यातील तुकड्यांचे जे केले ते हेच काम होते, असे आम्हांस वाटते.

१९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास राहून देवाचा दरबार स्थापन केला. पुन्हा नवे गाव, पुन्हा उद्याची काळजी. लक्ष्मीबाई बरोबर होत्याच. ९ मे १९१९ रोजी मुंबईस टिळक प्रभूकडे गेले. त्यांनी आरंभिलेले ख्रिस्तायन हे महाकाव्य अपुरे राहिले; पहिले दहा-अकरा अध्यायच त्यांच्या हातून झाले होते. ज्या बाईला टिळकांनी अक्षरे शिकविली, तिने ते काव्य पुढे चालविले. एक नव्हे, दोन नव्हे, चौसष्ट अध्याय त्यांनी लिहिले. पतीच्या हातून सुटलेला धागा पत्नीने उचलला आणि वस्त्र पुरे करीत आणले. उतारवयात हे काम करण्यास किती चिकाटी लागली असेल, याचा विचार प्रत्येकाने आपल्याशी करावा.

आता त्यांच्या सर्वांत मोठ्या कामाकडे येऊ. देवदत्त यांना वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते. त्यासाठी त्यांनी आईजवळ आठवणी लिहून मागितल्या. आईने लिहावयास घेतले. मुलाने मागितले होते बापाचे चरित्र. पण आईजवळ जे होते ते सारे घरच होते. त्यात टिळक होते, पण त्यांच्याबरोबर आईवडील, सासरे, बहीण, शेजारणी, गेलेली लेकरे, आलेले पाहुणे, उपाशी रात्री आणि हसण्याचे प्रसंगही होते. ते लिखाण आधी संजीवनी या नियतकालिकात येऊ लागले आणि मग १९३४ ते १९३६ या काळात स्मृतिचित्रे या नावाने चार भागांत प्रसिद्ध झाले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे लक्ष्मीबाई निवर्तल्या. त्यांचे पुस्तक मात्र मराठीतील उत्तम आत्मचरित्रांत गणले गेले आणि पुढेही वाचले गेले. १९५० साली जोसेफिन इंक्स्टर बाईंनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले, आणि २०१७ साली शांता गोखले यांनी पुन्हा एकवार ते इंग्रजीत आणले.

एवढे काय आहे या पुस्तकात? त्यात राजेरजवाडे नाहीत, लढाया नाहीत. बहुतेक प्रसंग स्वयंपाकघरातले, अंगणातले, प्रवासातले. तरी ते टिकले, याची आम्हांस तीन कारणे दिसतात. पहिले असे की लक्ष्मीबाईंनी लहान गोष्टीला लहान मानून टाकून दिले नाही. दुसरे असे की त्यांनी खरे लिहिले. टिळकांना त्यांनी देवमाणूस करून मखरात बसविले नाही. त्यांचा राग, हट्ट, विसरभोळेपणा सारे सांगितले, आणि म्हणूनच त्यांच्या प्रेमाबद्दल वाचणाऱ्याची खात्री पटते. स्वतःची फजितीही लपविली नाही. तिसरे असे की त्यांच्या मनात कडवटपणा उरला नव्हता. ज्यांनी दुःख दिले त्यांच्याविषयी लिहिताना त्यांच्या शब्दांत विष नाही. क्षमा केलेल्या मनालाच असे हसता येते.

आणखी एक गोष्ट आम्ही मुद्दाम सांगू. देवदत्तांनी मागितल्या नसत्या तर या आठवणी कागदावर आल्या असत्या काय? आपल्या घरातील आज्या, आत्या, मावश्या यांच्याजवळही सांगण्यासारखे पुष्कळ असते; पण त्यांना कोणी विचारीत नाही. त्यांना वाटते, आपल्या चुलीपाशी घडलेले कोणाला हवे आहे? सांगणाऱ्याइतकेच विचारणाऱ्याचे मोल आहे. पवित्र शास्त्रात यहोशवाने यार्देनेच्या पात्रातून बारा धोंडे उचलवून गिलगाल येथे उभे करविले, ते कशासाठी? पुढे मुलांनी हे धोंडे कसले म्हणून विचारावे आणि बापांनी उत्तर द्यावे, यासाठी. धोंडे बोलत नाहीत. मुलाचा प्रश्न त्यांना बोलते करतो. शमुवेलाच्या आईने दरवर्षी त्याच्यासाठी लहानसा झगा शिवून नेला, आणि यापो येथे दुर्कस मरण पावली तेव्हा विधवांनी तिने केलेले कपडेच पेत्रापुढे मांडले. हाताने केलेली वस्तू आणि तिची हकीकत ही दोन्ही बरोबर असली म्हणजेच प्रेमाची साक्ष पुरी होते.

म्हणून शब्बाथशाळेच्या शिक्षकांना आमची एक सूचना आहे. एका रविवारी मुलांना सांगावे की घरातील एक जुनी, हाताने केलेली वस्तू शोधा: गोधडी, कापडी पिशवी, दुपटे, रुमाल, काहीही. ती कोणी केली, कशापासून केली, कोणासाठी केली, हे आजीला किंवा आईला विचारून वहीत लिहून आणा. आजी अहिराणीत सांगेल तर अहिराणीतच लिहावे. शुद्धलेखनासाठी गुण कापू नयेत. लक्ष्मीबाईंचेही कोणी कापले नाहीत! त्या सगळ्या हकीकती महिनाअखेर वर्गात वाचाव्यात. मुलांना कळेल की आपले घराणे उधना स्टेशनावर सुरू झाले नाही.

आमच्या भगिनींनाही एक विनंती आहे. मजुरीचे काम सोडता येत नाही, हे आम्ही जाणतो. त्यावर चूल चालते. परंतु वर्षातून एक वस्तू आपल्या घरासाठी शिवावी. महिला मंडळाच्या बैठकीत चार जणी मिळून एक गोधडी घातली तरी चालेल. आईचे लुगडे, वडिलांचे धोतर, मुलाचा शाळेचा सदरा यांचे तुकडे तिच्यात घालावेत आणि शिवता शिवता त्यांच्या गोष्टी मुलींना सांगाव्यात. घरच्या पवित्र शास्त्राच्या पहिल्या कोऱ्या पानावर जन्म, बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू यांच्या तारखा लिहिण्याची जुनी चाल पुष्कळ घरांतून बंद पडली आहे. ती पुन्हा सुरू करावी. आणि तारखांखाली दोन ओळी अधिक लिहाव्यात: हे बाळ जन्मले त्या दिवशी पाऊस होता की ऊन, कोण मदतीला धावून आले, घरात काय शिजले होते.

आठवणी लिहिताना केवळ गोड तेवढेच लिहू नये. आपण गाव का सोडले, कोणत्या वर्षी पाऊस पडला नाही, कर्ज किती होते, कोणाशी बोलणे तुटले आणि पुन्हा कसे जुळले, हेही लिहावे. मुलांना निर्दोष पूर्वज नकोत. पडले, उठले आणि देवाच्या आधाराने चालत राहिले असे पूर्वज हवेत. लक्ष्मीबाईंच्या घरात दोन चुली होत्या हे आपल्याला ठाऊक आहे, म्हणूनच एक चूल झाली याचा आनंद आपल्याला समजतो.

लक्ष्मीबाईंना जाऊन पुष्कळ वर्षे झाली. त्यांच्याजवळ ना धन होते, ना पदवी. होते ते एक चांगले मन, खरे बोलण्याचे धैर्य आणि आठवणींचे गाठोडे. ते गाठोडे त्यांनी उघडले आणि मराठी ख्रिस्ती समाजालाच नव्हे, साऱ्या महाराष्ट्राला ऊब दिली. आपल्याही घरांत, पेटीच्या तळाशी, असे गाठोडे पडलेले आहे. जिला त्यातील गाठ सोडता येते ती आजी आज आपल्यात आहे, तोवर तिच्याजवळ जाऊन बसावे आणि विचारावे.